उतार बघून लावलेली गाडी

नकाशेसाहेबांची गाडी सपाटीवर उभी राहिलेली कॉलनीतल्या कुणीही पाहिलेली नव्हती. तिला सपाटीचं वावडं होतं. निदान नकाशेसाहेबांचं तरी तसं ठाम मत होतं, आणि गाडी त्यांची असल्यामुळे तिच्या तब्येतीबद्दल बोलायचा पहिला मान त्यांचा.

नकाशेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत, म्हणून कॉलनीनं त्यांना ते बहाल केलं होतं. कुठल्या टाकीचं पाणी कुठल्या गल्लीत आपल्या पायांनी जाईल आणि कुठल्या गल्लीत त्याला पंपानं ढकलावं लागेल, हे कागदावर बारीक रेघांनी दाखवायचं हे त्यांचं काम. या कामामुळे माणसाला एक खोड लागते. रस्त्यानं जाताना इतरांना दुकानं दिसतात, माणसं दिसतात. नकाशेसाहेबांना फक्त उतार दिसायचे. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या ते जमिनीकडे बघत आणि म्हणत, “पाणी इथून स्वयंपाकघरात शिरणार बघ.” त्यांच्या बायकोला, म्हणजे कॉलनीच्या वहिनींना, या वाक्याची इतकी सवय झाली होती की त्या नुसतं “हं” म्हणून नवरीची साडी बघायला पुढं जात.

गाडीची गोष्ट अशी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी चावी फिरवली आणि गाडी नुसती खाकरली. स्टार्टर गेला होता. मिस्त्रीनं तो बसवून दिला आणि हात पुसता पुसता म्हणाला, “साहेब, थोडे दिवस जरा जपून. शक्यतो उतारावर लावत जा, म्हणजे अडलं तरी अडचण नाही.” मिस्त्री बोलून मोकळा झाला. नकाशेसाहेबांनी मात्र ते वाक्य जन्माचं पथ्य असल्यासारखं मनावर घेतलं. त्या दिवसापासून गाडी उतारावर लागायची. ब्रेक सोडायचा, गाडी हळूच पुढं सरकायची, वेग आला की गिअर टाकून क्लच सोडायचा. एक गचका बसायचा आणि इंजिन जागं व्हायचं. चावी फक्त दिवे लागण्यापुरती फिरवायची. त्यापुढं ती फिरवून बघण्याचा प्रश्नच आला नाही, कारण ज्याला सांभाळून घ्यायचं ठरलंय त्याची परीक्षा कशाला घ्यायची?

मग त्या उताराच्या मागं मागं त्यांचा सगळा संसार घरंगळत गेला. आधीचा दातांचा डॉक्टर हाताचा हलका होता, पण त्याचा दवाखाना बाजारात, अगदी सपाटीवर. तो सोडून त्यांनी चढावरचा एक डॉक्टर धरला, जो दात काढताना रोग्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचा. भाजी टेकडीवरच्या मंडईतून, कापड देवळामागच्या घसरगुंडीच्या रस्त्यावरून. नात्यातली जी माणसं उंचावर राहत त्यांच्याशी संबंध दृढ झाले. जी खाली मैदानात राहत त्यांना वाटलं, यांना आता गाडीचा माज आलाय.

आणि खरं सांगायचं तर नकाशेसाहेबांना यात सुख होतं. ब्रेक सोडल्यापासून गिअर टाकेपर्यंतचा जो काळ असतो ना, तो त्यांचा दिवसातला सगळ्यात लाडका काळ. काच खाली केलेली. इंजिनाचा आवाज नाही. नुसता चाकांखाली रस्ता सरकल्याचा सूं असा आवाज, अंगणातले वाळत घातलेले कपडे, पायरीवर बसलेलं मांजर, कुणाच्या तरी रेडिओवरचं अर्धं वाक्य, हे सगळं शेजारून निघून चाललंय आणि आपण काहीच करत नाही, तरीही पुढं चाललोय. कचेरीत वरिष्ठांनी काहीही बोलावं, घरात नळ गळावा, त्या उतारावर नकाशेसाहेब कुणाचे काहीच लागत नसत. गिअर जरा उशिरानंच पडायचा. कोपरा आला की वहिनी समोर बघतच म्हणत, “आता टाका.” मग ते टाकत.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, फक्त ताईंचं घर तेवढं सपाटीवर होतं.

ताई म्हणजे वहिनींची थोरली बहीण. आईमागं वहिनींना तिनंच वाढवलं, तिनंच वेण्या घातल्या, तिनंच लग्नात पाठवणी केली आणि सगळ्यांच्या देखत सगळ्यांत जास्त रडलीही तीच. आता ती एकटी तळ्याकाठी राहायची. तळ्याकाठ म्हणजे जमीन कशी, तर पाटासारखी. तिथं बसनं जायचं म्हणजे दोन ठिकाणी बदलायची, आणि दुसरी बस यायची तिच्या मर्जीनं. गाडीनं जायचं तर उभी कुठं करायची? म्हणून एक पद्धत पडली होती. नकाशेसाहेब ताईंच्या गेटपाशी गाडी आणत आणि इंजिन सुरूच ठेवत. ताई चहाचे कप घेऊन गेटशी यायची. कप खिडकीतून आत जात, रिकामे होऊन बाहेर येत. वहिनी खिडकीत हात ठेवून बोलत, ताई खिडकीबाहेरून बोलायची, आणि इंजिनाच्या घरघरीमुळे दोघींनाही ओरडून बोलावं लागे. मनातलं काही ओरडून बोलता येत नाही. त्यामुळे दोघी भाजीबद्दल आणि हवेबद्दल बोलत आणि पेट्रोल जळतंय म्हणून लवकर आटपत.

मनातलं बोलायला ताईच टेकडी चढून कॉलनीत यायची. हातात पिशवी, मधे मधे थांबत, भिंतीला टेकत. वर पोचली की म्हणायची, “काय गं ही तुमची जागा! पक्ष्यांनी राहावं इथं.” आणि मग दिवसभर दोघींची कुजबुज चालायची.

एका संध्याकाळी ताईंचा फोन आला. वहिनींनी तो उभ्यानं घेतला आणि बोलता बोलता खाली बसल्या. ताईंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी चढ बंद केला होता, पायऱ्या बंद केल्या होत्या. “आता माझं येणं काही व्हायचं नाही,” ताई म्हणाली होती, “आणि गेटशी कप घेऊन उभं राहणंही जमेलसं वाटत नाही गं.”

फोन ठेवून वहिनी उठल्या. मग त्यांनी नकाशेसाहेबांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं. हे त्या सहसा करत नसत.

“दुरुस्त करा, नाहीतर द्या बदलून. मला ते काही कळत नाही. येत्या रविवारी मला ताईच्या घरात जायचंय. घरात! खिडकीतून नाही.”

“अगं पण गाडीचं वय बघता...”

“वय ताईचंही होतंय,” वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता दुरुस्ती की बदली, हा प्रश्न घरात राहिला असता तर कदाचित सुटलाही असता. पण नकाशेसाहेबांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात, सहज म्हणून, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांना विचारलं. सल्ला मागायचा नसतो अशा माणसाला सल्ला मागितला की काय होतं, हे नकाशेसाहेबांसारख्या जाणत्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. बँकवाल्यांनी डोळे मिटले, जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवली आणि घसारा या विषयावर बोलायला सुरुवात केली. त्यांच्या हिशेबानं ही गाडी कित्येक वर्षांपूर्वीच शून्य झाली होती. “म्हणजे कागदोपत्री तुमच्याकडे गाडीच नाही,” ते समाधानानं म्हणाले. “तुम्ही रोज कशात बसून जाता, हा तुमचा खासगी प्रश्न आहे.”

तेवढ्यात समोरच्या प्राध्यापिकाबाई दूध घ्यायला दार उघडून बाहेर आल्या, आणि त्यांनी वस्तूंना निवृत्त करण्याच्या आजच्या वृत्तीवर हल्ला चढवला. “दुरुस्त करायची! माणसानं दुरुस्तच करत राहायचं! उद्या तुम्ही म्हणाल नवरे बदला.” बँकवाले म्हणाले की तुलना चुकीची आहे, नवऱ्याला बाजारात काहीच किंमत येत नाही. बाई म्हणाल्या, हे पहिल्यांदाच काहीतरी खरं बोललात. दोघांचं चांगलंच जुंपलं. त्यात गाडी मागं पडली आणि नकाशेसाहेब दोन पायऱ्यांच्या मधे दुधाची पिशवी धरून उभे राहिले; ती त्यांच्या हातात कुणी दिली हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ते मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, आत बघून मान हलवली आणि बॉनेट मिटलं. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतो तसं त्यानं साहेबांना बाजूला घेतलं.

“सायलेन्सर आहे, मागचं दार आहे, खालचा पत्रा आहे. करत बसलो तर काम आहे. नाही केलं तरी चालतेय.”

“आणि ते... मुख्य?” नकाशेसाहेबांनी आवाज खाली आणला. आजारी माणसापुढं आजाराचं नाव कसं घ्यायचं?

“मुख्य काय, इंजिन? ते ठणठणीत आहे.”

“तसं नाही. तिचा तो स्वभाव. तुला माहीतच आहे.”

“हां, स्वभाव!” मिस्त्री समजुतीनं हसला. “आता स्वभाव काय बदलायचा साहेब, एवढ्या वर्षांनी? चालवून घ्यायचं.”

झालं. मिस्त्रीनंही हात झटकले, असा अर्थ नकाशेसाहेबांनी काढला आणि जड मनानं ठरवलं, बदलूनच टाकायची. त्या दिवशी उतरताना त्यांनी गिअर इतका उशिरा टाकला की गाडी जवळजवळ दुधाच्या केंद्रात शिरली.

नव्या गाड्यांच्या दुकानात ‘जुनी द्या, नवी न्या’ अशी पाटी होती. पण जुनी देण्यापूर्वी तिचे कागद बघायचे असतात, आणि कागदांत गाडीचा रंग लिहिला होता निळा. गाडी मात्र राखाडी होती. म्हणजे ती निळीच होती, पण वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहून उडत उडत तिचा रंग पहाटेच्या आभाळासारखा झाला होता. दुकानानं सांगितलं, परिवहन कार्यालयातून शिक्का आणा.

परिवहन कार्यालयातल्या कारकुनानं कागद पाहिला, खिडकीतून मान उंच करून गाडीचं चित्र मनात आणलं आणि म्हणाला, “रंग बदललात, कळवलं नाहीत.”

“मी नाही बदलला. उन्हानं उडाला.”

“मग तसा दाखला आणा.”

“कशाचा? ऊन पडतं याचा?”

“ते तुम्ही बघा. नाहीतर गाडी आणा आवारात. साहेब बाहेर येऊन बघतील.”

आवार सपाट होतं. नकाशेसाहेबांनी येतानाच ते हेरून ठेवलं होतं. संपूर्ण सरकारी आवारात पाणी कुठंच वाहून जाणार नाही अशी ती जागा होती. मग काय, पुढच्या दिवशी वहिनींना चालकाच्या जागी बसवलं. वहिनींना गाडी चालवता येत नव्हती, पण पाय दाबता येत होता. “इंजिन मंद झालं की जरासं दाबायचं. काही झालं तरी बंद पडू द्यायचं नाही,” असं बजावून नकाशेसाहेब आत गेले.

आत साहेब चहाला गेले होते. चहाहून आले ते बैठकीला गेले. इकडे वहिनी चाक घट्ट धरून, समोरच्या भिंतीवर नजर रोखून, पाय दाबत बसल्या होत्या. येणारा जाणारा थांबून सांगायचा, “बाई, गाडी सुरू राहिलीये.” वहिनी म्हणायच्या, “माहीत आहे.” एका वृद्ध गृहस्थांनी सहानुभूतीनं विचारलं, “शिकताय का?” वहिनी म्हणाल्या, “नाही, शिकवतेय.” कुणाला शिकवतेय ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी साहेब टोपी सारखी करत बाहेर आले, आणि नेमक्या त्याच क्षणी गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

नकाशेसाहेबांचा चेहरा उतरला. “बंद पडू द्यायची नव्हती गं!”

“मी नाही पडू दिली! तीच पडली!”

रांगेतली माणसं कंटाळलेलीच होती. तमाशा म्हटल्यावर सगळी धावली आणि न विचारता गाडी ढकलायला लागली. आवाराला एक फेरी झाली, दुसरी झाली. उत्साह असा की नंबर आलेली माणसंही परत ढकलायला आली. तिसऱ्या फेरीत एका बाईनं विचारलं, “पेट्रोल आहे का?” पेट्रोल नव्हतं. तेवढा वेळ उभ्या उभ्या जळून संपलं होतं. मग कुणीतरी डबा घेऊन गेलं, कुणीतरी आणलं, पुन्हा सगळ्यांनी ढकललं आणि गाडी सुरू झाल्यावर टाळ्या वाजल्या. नकाशेसाहेबांनी आभार मानायला हात वर केला. तो कसाबसा खांद्यापर्यंत गेला. हुद्द्याच्या माणसाला सरकारी आवारात टाळ्या मिळाव्यात, पण अशा नव्हेत.

कार्यालयाच्या साहेबांनी मात्र आपलं काम शांतपणे केलं. त्यांनी दार उघडलं, बिजागरीजवळची रबरी पट्टी बोटानं बाजूला केली. तिच्याखाली, जिथं इतकी वर्षं ऊन पोचलं नव्हतं, तिथं बोटभर रुंद निळा रंग जसाच्या तसा होता. नुकत्याच धुतलेल्या काचेसारखा. नकाशेसाहेब आणि वहिनी, दोघंही वाकून बघत राहिले.

“अगदी हाच रंग होता,” वहिनी म्हणाल्या. “ताई म्हणाली होती, तळ्याचा रंग घेतलाय तुम्ही.”

“आतून निळी आहे,” साहेबांनी कागदावर लिहिलं आणि शिक्का मारला.

शनिवारी ते गाडी द्यायला निघाले. उतारावर नकाशेसाहेबांनी ब्रेक सोडला आणि त्यांना वाटलं, हे शेवटचं. कपडे, मांजर, रेडिओ, सगळं शेजारून गेलं. वहिनींनी “आता टाका” म्हटलं नाही. कोपरा आला तरी म्हटलं नाही. शेवटी नकाशेसाहेबांनीच आपला गिअर टाकला.

दुकानाची फरशी इतकी गुळगुळीत आणि सपाट होती की नकाशेसाहेबांना गरगरल्यासारखं झालं. इंजिन सुरू ठेवून वहिनींना बाहेर गाडीत बसवलं आणि ते आत गेले. विक्रेता गोड होता. त्यानं नवी गाडी दाखवली. तिला चावीच नव्हती, बटण होतं. “आणि सर, सगळ्यात मोठी गोष्ट,” तो म्हणाला, “ही उतारावर घरंगळतच नाही. ब्रेकवरून पाय काढला तरी स्वतःच धरून ठेवते.”

“घरंगळतच नाही?”

“अजिबात नाही सर!”

“थोडीसुद्धा?”

“गॅरंटी आहे सर.”

नकाशेसाहेबांनी नव्या गाडीच्या चकचकीत बॉनेटवर हात ठेवला आणि काढून घेतला. जन्मभर आपल्याला कुणीतरी घट्ट धरून ठेवणार, या कल्पनेनं ते दोन पावलं मागं सरले.

इतक्यात त्यांचं लक्ष काचेबाहेर गेलं. दुकानाचा जुन्या गाड्या तपासणारा माणूस, कानाला फोन लावून कुणाशी तरी जेवणाच्या वेळेवरून भांडत, गाडीपाशी पोचला होता. त्यानं वहिनींना खुणेनं उतरायला सांगितलं, खिडकीतून हात आत घातला, आणि नकाशेसाहेब ओरडत धावले, “बंद करू नका! बंद क...”

त्यानं बंद केली.

“अहो, काय केलंत हे! आता माणसं बोलवावी लागतील! ती सपाटीवर सुरू होत नाही!”

तपासणाऱ्यानं फोनवर “एक मिनिट हं” म्हटलं आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली. त्यानं बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा सुरू झाली. एकदाही खाकरली नाही की अडखळली नाही. इतकी वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होती आणि उत्तर तोंडावर तयार होतं, अशी.

“काय प्रॉब्लेम आहे?” त्यानं विचारलं.

वहिनी गाडीच्या दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी चावीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ताई भिंतीला टेकत टेकत टेकडी चढतेय, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढं होतं, आणि ते नकाशेसाहेबांनाही लख्ख दिसलं.

“नाही द्यायची गाडी,” ते विक्रेत्याला म्हणाले. “माफ करा.”

परत येताना वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. नकाशेसाहेब वाटेत मिस्त्रीकडे थांबले, कारण कुणावर तरी ओरडल्याशिवाय त्यांना घरी जाववेना.

“तू मला सांगितलं का नाहीस, की चावीनं सुरू होते?”

मिस्त्री गोंधळला. “मी तर दर वेळी चावीनंच सुरू करतो की, साहेब. त्यात सांगायचं काय?”

“मग मी उतारावर का लावतो असं वाटलं तुला?”

“मला वाटलं पेट्रोल वाचवता.” मिस्त्री अवघडला. “मोठ्या माणसांना कसं विचारायचं?”

गाडीत वहिनी एकदम हसल्या. हसत हसत त्यांना रडू आलं, आणि रडताना पुन्हा हसू आलं, शेवटी पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, “मला ठाऊक होतं तुम्हाला घरंगळायला आवडतं. म्हणून गप्प बसले मी. पण मला वाटायचं, गाडीच्या दुखण्याला इलाज नाही. इलाज होता हो. हाताशी होता.”

“चुकलंच माझं,” नकाशेसाहेब म्हणाले. याला जोडून त्यांना पाण्याचं, उताराचं काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांनी पहिल्यांदाच ते गिळलं.

रविवारी ते तळ्याकाठी पोचले तेव्हा ऊन नुकतंच पाण्यावर उतरलं होतं. ताई गेटच्या आत खुर्ची टाकून बसली होती. उभं राहवत नाही म्हणून तिनं शेजारी स्टूल मांडलं होतं, त्यावर थर्मास आणि कप. गाडी थांबल्याबरोबर तिनं सवयीनं कप भरला आणि हात लांब करून खिडकीकडे धरला.

नकाशेसाहेबांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

इतकी शांतता त्या गेटपाशी आजवर कधी झाली नव्हती. पाणी काठाला लागत होतं ते ऐकू यायला लागलं. ताईचा हात कपासकट तसाच राहिला.

“बंद पडली?” ती ओरडली, कारण या जागी ओरडायचीच सवय होती.

“बंद केली,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या आणि दार उघडून उतरल्या.

मग दिवसभर काय काय बोलणं झालं ते नकाशेसाहेबांनी ऐकलं नाही. दोघी बहिणी आतल्या खोलीत होत्या आणि आवाज इतका बारीक होता की शब्द न कळता नुसता सूर येत होता. नकाशेसाहेब मागच्या ओट्यावर आरामखुर्चीत पडून होते. कुंपणाच्या भिंतीवर दोन उशा उन्हात टाकलेल्या होत्या, त्यांवर एक चिमणी येऊन बसली होती. समोर सपाट पाणी, त्यापलीकडे सपाट जमीन, वरती सपाट आभाळ. कुठंच उतार नव्हता. काहीच कुठं वाहून चाललेलं नव्हतं, आणि तरीही त्यांना तसंच हलकं वाटत होतं, ब्रेक सोडल्यावर वाटायचं तसं. यावर विचार करावा असं त्यांच्या मनात आलं, पण डोळा लागला.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. ताई काठी टेकत गेटपर्यंत आली. दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले, सोडले, पुन्हा धरले. नकाशेसाहेबांनी गाडीत बसून चावी फिरवली. गाडी सुरू झाली, तीही नको तितक्या मोठ्यानं. सायलेन्सरचं काम राहिलंच होतं. तळ्यावरचे बगळे उडाले. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून बघितलं.

वहिनी आत बसल्या, हात पुढं केला आणि चावी उलटी फिरवली. इंजिन थांबलं.

“सांगा तिला, सुरू होत नाही.”

“अगं, आत्ता तर सगळ्या तळ्यानं ऐकलं!”

“इतकी वर्षं मी तुमचं ऐकलं की नाही? आज तुम्ही माझं ऐका.”

नकाशेसाहेबांनी वहिनींकडे पाहिलं. मग त्यांनी काच पूर्ण खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि त्यांना जमेल तेवढा पडलेला चेहरा केला.

“ताई, काय करायचं? सपाटी आहे ना. सुरूच होत नाहीये.”

ताईनं गाडीकडे पाहिलं, अजून हवेत फिरणाऱ्या बगळ्यांकडे पाहिलं, मग धाकट्या बहिणीकडे पाहिलं.

“वाटलंच मला,” ती म्हणाली. “दुपारीच उशा उन्हात टाकल्यात. या आत.” आणि काठी टेकत वळता वळता नकाशेसाहेबांना म्हणाली, “सकाळी ढकलायला मात्र मला सांगू नका.”